राहता पत्ता

तेल्माचं काम सोपं आहे.
दुसऱ्यांच्या पावत्या क्रमाने लावायच्या.
कुणाचा दंतवैद्य, कुणाचं पेट्रोल,
कुणाच्या घरभाड्याचा आकडा, ज्यात
तिचे तीन पगार पाय पसरून झोपतील.
तिला स्वतःला पावती मिळत नाही.

एक तारखेला पाकीट द्यायचं, न चिकटवता.
दोना अर्मिंदा उभ्यानेच मोजतात,
अंगठा जिभेला लावून, दोनदा.
चारशे ऐंशी.
मग पाकीट परत करतात, पुढच्या महिन्यासाठी.

लिस्बन, ग्रासाचा चढ, तिसरा मजला.
कपाटाचं दार उघडायचं तर
आधी पलंगावर चढून बसायचं.
खिडकी आहे, आतल्या बोळकांडीत उघडते.
वरून कुणाच्या तरी चादरी ठिबकतात,
खालून माशाचं तळण वर येतं.
नऊनंतर गॅस नाही.
दारावर नाव नाही, टपालपेटीवर नाही.
कुणी विचारलं तर : भाची आहे, गार्दाहून आलीय.
गार्दाची ती आहेच.
खोट्यातलं तेवढं खरं.

तिकडून आई बसने डबा पाठवते,
पाच लिटर ऑलिव्हचं तेल,
आणि फोनवर विचारते, राहतेस ना नीट?
राहते.
नऊशे साठ हातात येतात.
भाडं, पास, कर्जाचा हप्ता. जे राहतं
ते बावीस तारखेपर्यंत राहतं.
तिथून पुढे शिळा पाव,
आणि आईचं तेल.

मंगळवारी सहीचं पत्र आलं.
दोना अर्मिंदांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशनच्या यादीत नंबर कधीपासून लागलेला.
वाच, म्हणाल्या.
तेल्मा वाचू लागली.
इमारत विकली गेली आहे.
नव्या मालकाचं नाव एखाद्या साबणासारखं.
करार ज्यांच्या नावे होता
ते गृहस्थ मयत असल्याचं कळतं, सबब मार्चअखेर.
सदर जागेत राहणाऱ्या व्यक्ती : एक.
इथे आवाज जरा अडखळला.
सध्याचं मासिक भाडं, संपूर्ण जागेचं,
तीन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी :
ब्याण्णव युरो.

तेही तिने मोठ्यानेच वाचलं.
पत्रात होतं, म्हणून.

बराच वेळ फ्रिज एकटाच बोलत होता.
ब्याण्णव पाचे चारशे साठ.
वर वीस.
हिशेब तिने केला नाही, झाला.
दोना अर्मिंदा औषधांचा डबा उगाच उघडून
उगाच मिटत राहिल्या.
मग उठल्या,
आणि साडेनऊ वाजता गॅस पेटवला.
दोन कप.

तुझ्या फोनवर खोल्या सापडतात ना? बघ माझ्यासाठी.
लिही : एक बाई. शांत. सिगरेट नाही.
मांजर होती, मेली.

पहिली खोली फक्त विद्यार्थ्यांना.
दुसरीला वय तीसच्या आत हवं.
तिसरीचा फोटो तेल्माने ओळखला,
मागच्या वर्षी त्याच जिन्यात ती
एकोणीस जणांच्या मागे उभी होती.
चौथी बरी वाटली. उजेड, लिफ्ट.
केवढ्याला?
सहाशे वीस.
लुटारू मेले, म्हणाल्या दोना अर्मिंदा,
आणि लगेच कपात बघू लागल्या.
तेल्माला हसू आलं. रागाच्या जागी
हसू कसं आलं, तिचं तिलाच कळेना.

खाली अर्ज होता. त्यात एक रकाना : जामीनदार.
मुलगा आहे लक्झेंबर्गला,
त्याला नको विचारायला.
मग कोण राहील जामीन?
मी राहते, म्हणाली तेल्मा, नऊशे साठच्या बळावर.
नाव लिहिलं. नोकरी लिहिली.
पुढचा रकाना : जामीनदाराचा राहता पत्ता.
बोट काचेवर तसंच थांबलं.

काय विचारतंय?
तिने सांगितलं.
दोना अर्मिंदांनी चहात साखर ढवळली,
वितळून गेली तरी ढवळत राहिल्या.

लिही इथलाच, म्हणाल्या.
मार्चपर्यंत चालेल.